एलीझचं नाव

नायगावच्या शांताबाईंनी नातीला कधी नावाने हाक मारलीच नव्हती. मुलगा हितेंद्र फ्रान्समध्ये एका हॉटेलात स्वयंपाकी होता, लग्नही तिथल्याच मुलीशी केलेलं. फोनवर दोन्हीकडचं बोलणं तोच सांगायचा. दोन वर्षांपूर्वी तो हार्ट अटॅकने गेला आणि फोनही थांबले. आता अचानक सुनेचा मेसेज आला होता, रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते म्हणून.

शांताबाई परळला रोझ टीचरकडे गेल्या. टीचरने शाळेत तीस वर्षं फ्रेंच शिकवलेलं. शांताबाई तिच्याकडे पोळ्या करायला जात.

"टीचर, मला एलिसेशी बोलायला शिकवा." त्यांनी मोबाईलवरचं नाव दाखवलं.

"एलिसे नाही गं शांता. ए-लीझ. लिहिताना तीन तुकडे, बोलताना दोन. शेवटचं अक्षर गिळायचं."

"गिळायचंच तर लिहितात कशाला?"

टीचर हसली. मग तिने 'माझं बाळ' शिकवलं. मों म्हणजे माझं, आँफाँ म्हणजे बाळ. "पण जोडून म्हणताना मों-नाँ-फाँ. मों लिहिताना शेवटी न असतो, तो पुढच्या शब्दाला जाऊन चिकटतो."

चार दिवस शांताबाई भांडी घासताना तेच घोकत होत्या.

रविवारी टीचरच्या घरी फोन लागला. पडद्यावर सहा वर्षांची मुलगी, कपाळ अगदी हितेंद्रचं.

"एलीझ," शांताबाई म्हणाल्या. "मों-नाँ-फाँ."

मुलगी खुदकन हसली आणि भरभर काहीतरी बोलू लागली. शांताबाईंना एक अक्षर कळेना. इतक्यात मागून एक उंच माणूस आला. पोरीने वळून त्याचा हात धरला. "पापा!"

टीचर घाईने म्हणाली, "शांता, ती म्हणतेय की..."

"कळलं मला."

पलीकडे सून रडवेली झाली होती. शांताबाईंनी पदर सावरला. "त्यांचं नाव काय, विचारा."

सुनेने सांगितलं. टीचरने दोन तुकडे करून दिले.

"बे-न्वा," शांताबाई त्या माणसाकडे बघून म्हणाल्या आणि हात जोडले. तो गडबडला, मग त्यानेही हात जोडले.

फोन बंद झाल्यावर टीचरने चहा पुढे केला.

"माणूस बरा दिसतो," शांताबाई म्हणाल्या. "पोरीचा हात कसा जपून धरला होता."

चहा तसाच राहिला. थोड्या वेळाने त्यांनी पदर तोंडावर घेतला. टीचर शेजारी येऊन बसली.