पाळणाघरातल्या आजी

शाळेने शिशुवर्ग बंद केला आणि माया ओव्हाळला शाल नि नारळ देऊन घरी पाठवलं. ठाण्यातल्या त्या शाळेत ती सहा वर्षं मदतनीस होती. मुलांना शूला नेणं, डबा भरवणं, रडणाऱ्याला कडेवर घेऊन व्हरांड्यात फिरवणं, हे तिचं काम. लोकलने दिव्याला घरी परत येतानाच तिने ठरवलं, आता दुसऱ्याच्या दारात नोकरी मागायला जायचं नाही. आपल्याच घरी पाळणाघर काढायचं.

घर पहिल्या मजल्यावर, वन रूम किचन. नवरा राजरत्न इलेक्ट्रिशियन. एका रविवारी त्याने खालचे सगळे प्लग पॉइंट उचलून वर घेतले आणि खिडकीच्या ग्रिलला जाळी ठोकली. मायाने फिनेल, ब्लेड, औषधं माळ्यावर टाकली. नळाचा भरवसा नव्हता म्हणून पाण्याचे दोन मोठे ड्रम आणले. जिन्याखाली कागद चिकटवला, ‘माया पाळणाघर, सकाळी सात ते संध्याकाळी सात’.

तीन आठवडे कोणी फिरकलं नाही. एक बाई आली, घर बघितलं, आडनाव विचारलं आणि घरी विचारून सांगते म्हणून गेली, ती गेलीच.

मग बी विंगमधली संचिता आली. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती आणि तिची सान्वी चौदा महिन्यांची होती. आतापर्यंत सान्वीला सासूबाई सांभाळत, पण त्यांचा गुडघा गेला होता. धावत्या पोरीमागे त्यांना उठवेना.

सोमवारी सकाळी सान्वीबरोबर सासूबाईही आल्या. त्यांचं नाव गोदूबाई. चिपळूणकडच्या, पासष्टीच्या. सोबत पिशवीत सान्वीची वाटी, चमचा, पाण्याची बाटली, आणि स्वतःचीही पाण्याची बाटली. भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या.

“पोरगी रुळेपर्यंत बसते,” त्या म्हणाल्या.

“बसा ना आजी. चहा टाकू?”

“नको. मी घेऊन आल्ये.”

सान्वी दोन दिवसांत रुळली. गोदूबाई दहाव्या दिवशीही आल्या. भात घोटलेला नाही, पंख्याखाली निजवू नकोस, असं दिवसभर चालायचं. मायाच्या घरचं पाणी त्यांनी कधी घेतलं नाही. मायाने ते पाहिलं होतं आणि त्यावर ती काही बोलली नव्हती. एकट्या घरात बसून म्हातारीचा वेळ जात नसावा, एवढं तिला कळत होतं.

तिसऱ्या आठवड्यात बंटी आला. अडीच वर्षांचा, दांडगा. त्याची आई रसिका बाळकुमच्या एका कॉम्प्लेक्सच्या ऑफिसात जायची. पहिले काही दिवस बंटी दार धरून रडायचा. बुधवारी दुपारी माया किचनमध्ये सान्वीसाठी खिमट ढवळत होती, तेवढ्यात बाहेरचं रडणं एकदम थांबलं. ती बाहेर आली. बंटी भिंतीला चिकटून उभा होता आणि त्याची चड्डी ओली झाली होती.

“काय झालं?”

“काय नाही,” गोदूबाई म्हणाल्या. “म्हटलं, गप ऱ्हा, नायतर गच्चीवरचा बुवा पोत्यात भरून नेईल. बघ, कसा गप झाला.”

मायाने बंटीला धुतलं, कपडे बदलले. तेव्हा ती काहीच बोलली नाही. म्हातारं माणूस, त्यात पहिलं गिऱ्हाईक.

दुसऱ्या दिवशी सकाळी रसिका बंटीला सोडायला आली, पण तो तिच्या अंगावरून उतरेना.

“ताई, बुवा कोण? रात्रभर तेच चाललेलं याचं.”

मायाने जे घडलं ते सांगितलं. रसिकाने आत डोकावून रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. “म्हणजे मुलांना तुम्ही सांभाळता, की त्या आजी?”

रसिकाला गाडी गाठायची होती, ती बंटीला देऊन निघून गेली.

नऊच्या सुमारास गोदूबाई सान्वीला घेऊन आल्या. मायाने त्यांना दारातच थांबवलं.

“आजी, इथे मुलांना भीती घालायची नाही.”

“अगं, चार पोरं वाढवली मी. बुवाच्या नावाने कोण मेलं नाही.”

“तुमच्या घरी तुम्ही वाढवलीत. इथे आलेल्या मुलाला काय झालं तर मला विचारणार. उद्यापासून तुम्ही सान्वीला सोडा आणि घरी जा. तिचं मी बघेन.”

“मला घालवतेस?”

“हो आजी. खुर्ची आत ठेवते मी.”

गोदूबाईंनी पिशवी खांद्याला अडकवली. मग सान्वीला तशीच कडेवर घेऊन, कठडा धरत जिना उतरल्या. सान्वी मायाकडे बघून हात हलवत होती.

दुसऱ्या दिवशी सान्वी आली नाही. मायाने संचिताला फोन केला, तो तिने उचलला नाही. शनिवारी राजरत्न जेवताना म्हणाला, “पाण्याच्या बाटलीचं इतके दिवस चाललं, ते तू खपवून घेतलंस. आणि बुवावरून भांडलीस?”

“बाटली त्यांची आहे,” माया म्हणाली. “बंटी माझ्याकडे आहे.”

राजरत्नने भात वाढून घेतला. मायाला मात्र जेवण गेलं नाही. एका मुलावर पाळणाघर चालत नाही, हे तिलाही कळत होतं.

मंगळवारी सकाळी संचिता दारात उभी राहिली. कडेवर सान्वी, खांद्याला पिशवी.

“सॉरी ताई. सासूबाईंनी येऊन सांगितलं, तेव्हा मला खरंच राग आलेला. रजा टाकून दुसरीकडे दोन ठिकाणी बघून आले. काल त्यांनाच विचारलं, कुठे ठेवू. तर म्हणाल्या, मायाकडेच ठेव. जी माझ्या तोंडावर बोलली ती तुझ्याही तोंडावर बोलेल, काय लपवायची नाही.”

“त्या येणार नाहीत?”

“नाही. तुमचं नाव काढलं की अजून तोंड फिरवतात.”

आजीशिवाय या घरात राहायची सान्वीची ही पहिलीच वेळ होती. ती पाऊण तास रडली. माया तिला घेऊन किचन ते खिडकी, खिडकी ते किचन फेऱ्या मारत राहिली. बंटी कानांवर हात ठेवून बघत बसला. शेवटी सान्वी तिच्या खांद्यावरच झोपली.

संध्याकाळी संचिताने विचारलं, “राहिली ना नीट?”

“सकाळी पाऊण तास रडली. दुपारी जेवण अर्धं टाकलं. तीननंतर बंटीबरोबर खेळली.”

“पाऊण तास?” संचिताचा चेहरा उतरला.

“हो. उद्या रडणार नाही असं सांगत नाही मी. पण कमी होईल.”

दुसऱ्या दिवशी सान्वी अर्धा तास रडली. त्यानंतरच्या दिवशी दारातून आत येऊन थेट बंटीच्या गाडीवर बसली, आणि बंटीने तिला ढकललं. माया त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसली.