सायच्या कानावर

स्टेशनकाकांनी तिसऱ्यांदा हाक मारली आणि हातातली साखळी दारावर आपटली. साय सतरंजीवर बसूनच राहिली. डोकं तिरकं करून ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. शेपटीचं टोक जमिनीवर एकदा हललं आणि थांबलं. उठायचं नाव नाही.

"बघ," काका बायकोला म्हणाले, "सहा वर्षं एका हाकेत उठणारी कुत्री. आता मला विचारतसुद्धा नाही."

बत्तीस वर्षं रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना स्टेशनकाका म्हणायची. त्यांच्या एका वाक्यावर हजारभर माणसं सामान उचलून दुसऱ्या फलाटाकडे धावत सुटायची. निवृत्तीनंतर फलाट गेला, आवाज राहिला. त्या आवाजाला हक्काचा श्रोता म्हणून घरात आलं ते दुधावरच्या सायीसारखं पांढरं पिल्लू. रोज संध्याकाळी गच्चीत बसून काका तिला चुकलेल्या गाड्या आणि हरवलेले प्रवासी यांच्या गोष्टी सांगत, आणि ती समोर बसून टक लावून ऐकत असे. "माणसंसुद्धा इतकं ऐकत नाहीत," असं ते म्हणाले की काकू समजायचं ते समजत.

महिन्याभरापूर्वी पंखा पुसताना काका स्टुलावरून पडले. हाडं वाचली, पण मान धरली. हनुवटीपासून खांद्यांपर्यंत कडक पट्टा आला. वाकायचं नाही, वळायचं नाही. काका खांबासारखे ताठ चालू लागले, आणि नेमकी त्याच दिवसांत साय बिघडली. हाक मारली तरी येईना, थांब म्हटलं तरी थांबेना. काकांनी रुसून गच्चीतल्या गोष्टीही बंद केल्या.

त्यातच बागेतला प्रकार घडला. चेंडूमागे धावत साय उघड्या फाटकाकडे निघाली आणि काकांनी फलाट हादरवणारा आवाज लावला. बागेतली झाडून सगळी माणसं जागच्या जागी थांबली. बाकावरच्या एक आजी तर उठून उभ्या राहिल्या. थांबली नाही ती फक्त साय. ती रस्त्यावर गेली आणि एक गाडी तिच्यापासून वीतभर अंतरावर करकचून उभी राहिली.

घरी आल्यावर काकांनी बहिणीला फोन लावला. तिच्या घराला उंच कुंपण होतं, समोर रस्ता नव्हता. हिला तुझ्याकडे पाठवतो, म्हणाले. माझ्या डोळ्यांदेखत काही झालं तर मला सोसायचं नाही. काकू मधे पडल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं.

पाठवण्याआधी लस टोचून घ्यावी म्हणून दोघं सायला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर तरुण होत्या. काकांनी सगळी तक्रार मांडली, तीही स्टेशनवरच्या आवाजात. बाहेर बसलेलं मांजर टोपलीत दडलं. साय मात्र भिंतीवरच्या पालीकडे बघत होती.

डॉक्टरांनी तिच्या मागे जाऊन किल्ल्यांचा जुडगा वाजवला. मग स्टीलचा ट्रे फरशीवर टाकला. काका दचकले, काकू दचकल्या. सायचा कान हलला नाही.

"काका, हिला ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"गेल्या महिन्यापासून?"

डॉक्टरांनी उलट काकूंनाच विचारलं, की लहान असताना ही आवाजाला घाबरायची का. काकू आठवू लागल्या. कुकरची शिट्टी कानाशी झाली तरी ही झोपलेलीच असायची. शेजाऱ्यांनी भिंत फोडली तेव्हाही हिने डोळा उघडला नाही. आम्ही आपले कौतुक करायचो, की किती शांत स्वभाव.

"मग जन्मापासूनच असणार. पांढऱ्या कुत्र्यांमध्ये कधी कधी असतं तसं."

काकांना ते पटेना. सहा वर्षं ही माझ्या हाकेवर येत होती, हे काय खोटं? डॉक्टरांनी त्यांच्या मानेच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पट्टा नव्हता तेव्हा तुम्ही हाक कशी मारायचात?"

"हाक मारताना स्वतःकडे कोण बघतं?" काका म्हणाले.

काकू उठल्या. सायच्या समोर जाऊन त्यांनी हनुवटी छातीशी नेली, डावा खांदा किंचित उचलला, कमरेतून पुढे झुकल्या आणि भुवया उडवून दाराकडे मान वळवली. तोंडातून शब्द नाही. साय ताडकन उठली, दोन उड्यांत दाराशी पोचली आणि मागचं अंग सगळंच्या सगळं हलवत उभी राहिली.

डॉक्टर हसू लागल्या. काका बायकोकडे बघतच राहिले.

"मी असं करतो?"

"तीस वर्षं," काकू म्हणाल्या.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरच काकांनी बहिणीला फोन करून सांगितलं, की साय कुठेही येत नाही. डॉक्टरांनी हाताच्या चार-पाच खुणा शिकवल्या होत्या. शिवाय जांभई म्हणजे दर वेळी झोप नव्हे, गोंधळलेलं कुत्रंही जांभया देतं आणि ओठ चाटतं, हेही सांगितलं होतं.

संध्याकाळी काका गच्चीत खुर्ची टाकून गप्प बसले. सहा वर्षं आपण एवढं बोललो, ते सगळं हवेत गेलं म्हणायचं. साय आली, समोर बसली, त्यांच्या तोंडाकडे बघू लागली. काका गप्पच. तिने मोठी जांभई दिली. ओठ चाटले. थोड्या वेळाने एक पंजा उचलून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि नाकाने त्यांचा हात वर ढकलला.

काकू चहा घेऊन आल्या, दाराशी थांबल्या. "अहो, आपलं काही चुकलं की काय, असं वाटतंय तिला."

काकांनी घसा खाकरला. पुरामुळे तीन गाड्या एकाच फलाटावर आल्या होत्या, तो दिवस त्यांनी सांगायला घेतला. आधी अडखळत, मग रंगात येऊन. भुवया वर गेल्या, गाल फुगले, दोन्ही हातांनी इंजिनं येऊ लागली. सायचे कान सैल पडले, तोंड उघडलं, जीभ बाहेर आली आणि शेपटी फरशी झाडू लागली.

काकूंनी चहा कठड्यावर ठेवला. आतून दुसरी खुर्ची आणली आणि सायच्या शेजारी मांडली.

"जरा इकडेही तोंड करून सांगा," त्या म्हणाल्या.