पाणसळीवर घेतलेली शंका

मित्रांनो, हातभर लांबीची एक शिसवी पट्टी, तिच्या पाठीवर बसवलेली काचेची नळी, नळीत पिवळसर पाणी आणि त्या पाण्यात एक बुडबुडा, एवढाच माझा पसारा. मी एक जुनी पाणसळ आहे. बांधकामावर मला नुसतेच ‘लेव्हल’ म्हणतात. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला की जागा सपाट, एका बाजूला सरकला की ती बाजू उंच. माणसांचे डोळे फसतात, मी कधी फसत नाही, असा माझा समज होता. त्या समजाचे पुढे काय झाले, ते आज सांगते.

मला एका वस्तादाने घडवले. वस्ताद म्हणजे गवंड्यांचा गुरू. मोठा कडक माणूस. माझ्या एका टोकाला त्याने पितळेची टिकली ठोकली आणि आपल्या शिष्याला बजावले, “टिकली कायम उजव्या हाताला. उलटी धरायची नाही.” का, ते त्याने सांगितले नाही आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही. तो शिष्य म्हणजे माझे मिस्त्री. पुढे वस्ताद वारले, पण मला उलटे धरणे म्हणजे वस्तादांकडे पाठ फिरवणे, हे मिस्त्रींच्या मनात घट्ट बसले.

काय दिवस होते ते! आम्ही पायऱ्या बांधल्या, ओटे बांधले, शाळेच्या व्हरांड्याची फरशी बसवली. मिस्त्रींच्या ओट्यावर गोटी ठेवली तर जागची हलत नाही, असे लोक म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगत असे. संध्याकाळी घरी आले की मिस्त्री आधी मला पुसत, मग स्वतःचे तोंड धूत. त्यांची बायको हसून म्हणायची, “आधी तिला विचारा जेवलीस का, मग मला विचारा.”

त्यांची लेक कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत होती. लहानपणापासून ‘कशावरून?’ हा शब्द तिच्या जिभेवर, म्हणून मिस्त्री तिला शंकासुर म्हणत. जेवताना ती सांगायची की काही शतकांपूर्वी दूरदेशी काही विचारवंत होऊन गेले. डोळे फसवतात, कान फसवतात, थोरामोठ्यांचे बोलणेही चुकते. म्हणून एकदा सगळ्यावरच शंका घ्यायची आणि शंकेला जे पुरून उरेल तेच पक्के ज्ञान मानायचे, असे त्यांचे म्हणणे होते.

“शंका घेऊन भिंत उभी राहते का गं?” मिस्त्री चिडवायचे.

मग त्या लाँड्रीचे काम आले. भिंतीकडेने लांबच लांब नाली बांधायची होती. तिला दाराकडे ढाळ द्यायचा, म्हणजे धुण्याचे पाणी आपोआप बाहेर जाईल. मिस्त्रींनी टिकली उजवीकडे, दाराच्या बाजूला धरून, मला पुढे पुढे सरकवत टप्प्याटप्प्याने नाली बांधली. काम देखणे झाले. मालकीणबाईंनी पाणी सोडले. पाणी दारापर्यंत गेलेच नाही. मध्येच थबकले आणि हळूहळू मागे येऊ लागले.

बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, “मिस्त्री, वय झालं आता. आराम करा. सोमवारी दुसरा माणूस येऊन नाली फोडेल.”

मिस्त्रींनी घरी येऊन सगळी हत्यारे पलंगाखाली सारली, मलाही. त्या दिवशी पहिल्यांदाच मला कोणी पुसले नाही. वरून त्यांचा आवाज ऐकू येत होता. “डोळे गेले, हात गेला. आता डोक्याचंही काही खरं नाही. मी उरलोच नाही.” मला फार वाईट वाटले. त्यांचे चुकले असेल, असेच मीही धरून चालले होते. माझे चुकले असेल, हे माझ्या मनालाही शिवले नाही.

रविवारी दुपारी लेकीने मला बाहेर काढले आणि टेबलावर वडिलांसमोर ठेवले.

“बाबा, तुम्ही डोळ्यांवर शंका घेतलीत, हातावर घेतलीत, स्वतःच्या डोक्यावरसुद्धा घेतलीत. हिच्यावर घेतलीत का?”

“वस्तादांनी दिलेली आहे ती.”

“म्हणूनच विचारते.”

मिस्त्री वैतागले. “बरं, घेतली शंका. मग तपासू कशावर? दुसरी लेव्हल आणू? आणि ती खरी कशावरून? तिच्यासाठी तिसरी? याला काही अंत आहे का?”

इथे शंकासुराचे घोडे अडले. शेवटी ती म्हणाली, “ते विचारवंत म्हणायचे, पक्कं काही सापडायचं असेल तर बाहेर शोधू नका. नीट विचार करून बघा.”

मिस्त्री डोळे मिटून बसले. मग हळूच पुटपुटले, “दुसरी कशाला हवी? हिलाच फिरवायची. टेबल तेच, जागा तीच. लेव्हल खरी असेल, तर बुडबुडा खोलीच्या त्याच बाजूला राहील. राहायलाच पाहिजे. आणि नाही राहिला, तर खोट हिच्यात.”

अजून त्यांनी मला हातही लावला नव्हता. डोळेही उघडले नव्हते.

लेक हसली. तिचे डोळे भरून आले होते. “डोकं गेलंय ना तुमचं? मग हा विचार आत्ता कोणी केला, बाबा?”

मिस्त्रींनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिले. बुडबुडा खिडकीकडे कलला होता. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी टिकली डावीकडे फिरवली. बुडबुडा दाराकडे गेला. एकच टेबल दोन्हीकडून उंच कसे असेल? त्यांनी माझ्या तळावरून बोट फिरवले. वर्षानुवर्षे एकाच हाताने, एकाच बाजूने रेटल्यामुळे माझे टिकलीकडचे टोक नखभर झिजले होते. छोट्या ओट्यावर ते कळले नव्हते. लांब नालीत मात्र तेवढेच चुकणे टप्प्याटप्प्याला साचत गेले होते.

आता आपली रवानगी चुलीत, असे मला वाटले. मिस्त्री मात्र म्हणाले, “असू दे. दोन्हीकडून ठेवायची, दोन्ही वेळा खूण करायची आणि त्या दोन खुणांचा मध्य धरायचा. झिजलेली लेव्हलसुद्धा खरं सांगते, फक्त तिला नीट विचारलं पाहिजे.”

सोमवारी ते त्या दुसऱ्या माणसाच्या आधी लाँड्रीत पोचले. मालकीणबाईंना टेबलावर मला उलटसुलट ठेवून दाखवले आणि म्हणाले, “नाली मीच फोडतो, मीच बांधतो.” बाई तयार झाल्या. सिमेंट वाळल्यावर त्यांनी पाणी सोडले तेव्हा सगळ्यांचे डोळे नालीवर खिळले होते. मिस्त्री पाण्याकडे पाठ करून थापी धूत होते. पाणी बाहेर जाणार, हे त्यांना आधीच ठाऊक होते. आणि ते गेले.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना जपा. त्यांना ओलीत टाकू नका, आपटू नका. पण जपायचे म्हणजे डोक्यावर बसवून ठेवायचे, असे नाही. त्यांच्यावर मायेने शंकाही घ्या. माझ्यावर शंका घेतली तेव्हा मला लागले, हे खोटे कशाला सांगू? पण इतकी वर्षे मिस्त्री मला नुसते मानत होते. आता ते मला विचारतात, प्रत्येक जागी दोनदा, आणि मग स्वतः विचार करून ठरवतात.