सील न तुटलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे, अंगाला लावायच्या लोशनची. वापरून जुनी झाले असं मात्र समजू नका. तसं झालं असतं तर मी आज कुरकुर करत बसले नसते. मी नुसती उभी राहून म्हातारी झाले.

कारखान्यात माझ्या पोटात पांढरंशुभ्र लोशन भरलं, डोक्यावर दाबायचा पंप बसवला आणि गळ्याला सील लावलं. नागपूरच्या एका दुकानात उर्वशीनं मला निवडलं. निवडलं हं, सहज उचललं नाही. चार बाटल्या उलट्यासुलट्या करून तिनं वाचल्या, नमुन्याच्या बाटल्यांचे वास घेऊन पाहिले आणि दुकानातल्या बाईंना विचारलं, "कापूस वेचून हात फाटतात, त्याच्यासाठी कोणतं चांगलं?" नवी नोकरी लागली होती आणि तिला आईसाठी काहीतरी न्यायचं होतं. तिच्या गावी, सौंसरला जाणाऱ्या बसमध्ये मी तिच्या मांडीवर बसून आले. आपण कामाला चाललोय, याचा मला केवढा आनंद झाला होता.

उर्वशीची आई कमल. गावाबाहेर त्यांचं कापसाचं शेत आणि थोडी संत्र्याची झाडं. कमलनं मला हातात घेतलं तेव्हाच मला ते हात कळले. वाळक्या बोंडांची टोकं लागून लागून बोटं चिरलेली, तळहात खरखरीत. मी म्हटलं, चला, योग्य ठिकाणी आले. आणि या बाईनं काय करावं? मला पदरानं पुसलं आणि शोकेसमध्ये ठेवलं, प्लॅस्टिकची फुलं आणि लग्नात आलेल्या कपबशा यांच्या मधोमध.

"इतकी भारी वस्तू रोज कोन लावते वं," ती लेकीला म्हणाली. "कोनाच्या लग्नात जाईन तवा लावीन."

झालं. माझं कामधाम तिथेच आटोपलं.

काचेतून मला सगळं दिसायचं, हाच खरा ताप होता. थंडीत कमल आंघोळीच्या आधी हातापायांना तेल चोळायची, लगेच कपडे धुवायच्या साबणानं खसाखसा घासून ते काढून टाकायची आणि कोरडे पांढुरके हात घेऊन शेतात जायची. अगं बाई, तेल आंघोळीनंतर लाव, अंग ओलसर आहे तोवर लाव, म्हणजे ओलावा आत टिकेल. मी आत तडफडायचे. पण बाटलीचं कोण ऐकतं? पाहुणे आले की मात्र ती मला दाखवायची. "माह्या पोरीनं आणली, नागपूरहून." सगळे मान डोलवायचे. माझं कौतुक काय ते तेवढंच. लग्नंही येऊन गेली. खुद्द उर्वशीचं लग्न झालं, त्या धांदलीत माझी कोणाला आठवणसुद्धा झाली नाही.

मग उर्वशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बाळाची मालिश आजीनं करायची, ही त्यांच्या घरची रीत, आणि कमल कधीपासून त्याच दिवसाची वाट पाहत होती. तिनं तिळाचं तेल कोमट केलं, पाय लांब करून बसली, नातीला पायांवर पालथं घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. पोर कळवळून रडली. पाठीवर लाल ओरखडे उठले.

"आई, थांब. तुझे हात टोचून राहिले तिले," उर्वशी म्हणाली.

कमलनं हात मागे घेतले. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या पंचफुलाबाई मालिश करायला येऊ लागल्या. कमल दारापाशी बसून बघायची, हात पदराखाली लपवून. मला तिचा संताप येई आणि कीवही येई. तिच्या हातांचं औषध तिच्याच पाठीमागे कुलपात उभं होतं.

एकदा उर्वशीची नजर माझ्यावर गेली. तिनं मला बाहेर काढलं.

"आई, ही अजून फोडलीच नाही तू? काहून?"

"तू आणली होती ना. लावली असती तं संपून गेली असती."

उर्वशीनं माझ्या बुडाची तारीख वाचली आणि डोळे पुसले. "हे तं कवाचंच खराब झालं, आई."

माझं सील अखेर तुटलं, ते न्हाणीत ओतून टाकण्यासाठी. ज्या हातांसाठी मी आले, त्यांना माझा एक थेंबही लागला नाही. या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

उर्वशीनं मला उकळत्या पाण्यानं धुतलं, वाळवलं, तिळाचं तेल भरलं आणि न्हाणीच्या कोनाड्यात ठेवलं. "आता आंघोळ झाली का ओल्या हातालेच लावत जाय. वरून साबण नाही." कमलचा नवरा गुणवंता म्हणाला, "वेचाले मी बाया लावतो. तू घरी राय." कमल रोज माझा पंप दाबू लागली. भेगा हळूहळू बुजल्या. मग एका सकाळी तिनं भीत भीत नातीला पायांवर घेतलं. पोरीनं कपाळाला आठ्या घातल्या, अंग ताणलं आणि झोपून गेली. कमल मात्र रडली.

सव्वा महिन्यानं केलेल्या बारशाला उर्वशीच्या नणंदेनं, प्रतिभानं, कमलला लोशनची नवी बाटली दिली. कमलनं ती पदरानं पुसली आणि सरळ शोकेसकडे निघाली. न्हाणीच्या दारातून मला दिसत होतं. माझ्याच जागी ठेवली, कुलूप लावलं. मी कपाळाला हात लावला असता, पण मला हात नाहीत.

तेवढ्यात पाळण्यात पोर कुरकुरली. कमलनं तिला घ्यायला हात पुढे केले आणि सवयीनं आधी स्वतःची बोटं पाहिली. मग परत फिरली, कुलूप काढलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर कटकन सील तोडलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, जळजळही झाली.

मित्रांनो, आज घरी गेलात की शोकेस उघडा. माझ्यासारखी कोणी तिथे उभी असेल तर तिच्या बुडाची तारीख बघा. आणि मग आईचे हात बघा.