राखणदाराची बाटली

गेल्या हंगामात, सुकाणावर बसल्या बसल्या डुलकी लागून सत्यवानाची हनुवटी छातीवर आपटली. खडक हातभर अंतरावरून मागे गेला. सुकाण भाईंनी ओढून धरलं होतं; मचवा त्यांचाच.

आज सकाळी, गोव्याहून येताना, दोडामार्गाच्या वाटेवर दारूबंदीच्या शिपायाने तुळसाच्या टोपलीतली केळी चाचपली आणि पुढे जा म्हटलं. केळ्यांखाली पेंढा होता, पेंढ्यात बाटली.

नऊ दिवसांपूर्वी कट्टा गावचे डॉक्टर चष्मा पुसत सत्यवानाला म्हणाले होते, "दारू झोपवते लवकर, पण झोप टिकू देत नाही. सोडा. पहिले आठ-दहा दिवस मात्र डोळा लागणार नाही."

पेंढ्यातली ती बाटली आता गाऱ्हाणं घालणाऱ्या शिवा गावकाराच्या हातात होती. वडाखाली गावच्या देवाच्या, राखणदाराच्या दगडापुढे सत्यवान मांडी घालून बसला होता आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

नऊ दिवस त्याने थेंब घेतला नव्हता. आठ रात्री तुळसा त्याला टक्क जागा बघत होती. पूर्वी नवरा प्यायचा आणि निदान मध्यरात्रीपर्यंत घोरायचा. आता तेही गेलं. नारळी पुनवेला मचवा लोटायचा होता. डोळे तांबडे दिसले तर सुकाणावर दुसरा खलाशी, बाळा बसेल, असं भाईंनी सांगून ठेवलं होतं. झोप कुणीतरी करणी करून बांधली, असं तिने ठरवलं आणि राखणदाराला द्यायची दारू आणायला काल न सांगता गोव्यातलं माहेर गाठलं. मघाशी परतली ती थेट इथेच. निरोप पाठवून त्याला बोलावून घेतलं.

"तुळसा, आयक गो..."

"गप रवा. गाऱ्हाणा सुरू झाला."

"बा राखणदार म्हाराजा," शिवाने आवाज चढवला, "ह्या लेकराची झोप कोणी बांदून घातली आसात, ती सोडव. सुकाण ह्येच्याच हातात रवांदे!"

"होय म्हाराजा!" जमलेली मंडळी म्हणाली.

शिवाने दगडावर धार सोडली. उरलेली करवंटीत ओतून सत्यवानापुढे धरली.

"घे. तीर्थ."

"माका नको. डॉक्टरान सांगल्यान..."

"डॉक्टराचा कट्ट्यार आयक. हयसर ह्येचा चलता."

"सत्यो दारूक नको म्हणता!" मागून कुणीतरी म्हणालं. "आता दगडाक घाम फुटतलो!"

सगळे हसले. तुळसा हसली नाही. हात जोडून ती उभी होती. गुडघ्यापर्यंत चिखल वाळला होता, आणि पोटरीवर जळू चिकटली होती तिथून अजून रक्त ओघळत होतं.

सत्यवानाने दात आवळले. करवंटी हिसकल्यासारखी घेतली, एका दमात रिकामी केली आणि पालथी घातली.

"आणखी थोडी दी रे तेका," तुळसा शिवाला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, हळू आवाजात: "आज तुमका झोप लागतली."

त्याने करवंटी पुन्हा उताणी केली.

आदल्या रात्री, तुळसा माहेरी असताना, सत्यवान दिवेलागणीला आडवा झाला होता, तो अंगणात ऊन आल्यावर उठला होता.