पिवळ्या बुरुजावरून काय दिसलं

सारायेवोत रमजानची संध्याकाळ बघावी तर पिवळ्या बुरुजावरून. सूर्य बुडाला की तिथली तोफ उडते आणि खाली शहरभर मिनारांवर दिवे लागतात. म्हणूनच तर अर्नेलाने देदोंना, म्हणजे आपल्या आजोबांना, अख्खा चढ चढवून आणलं होतं. त्यांच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू नुकताच काढला होता. दुसरा सोमवारी काढायचा, पण म्हातारा अडून बसलेला. "आधी ह्या डोळ्याला मिनार दिसू देत, मग बघू."

आणि आज शहरच गायब! डोंगरांच्या वाटीत कोळशाचा धूर असा गच्च बसला होता, की कुणीतरी वर झाकण ठेवून विसरून गेलंय असं वाटावं.

तोफ उडाली. कठड्यावर बसलेल्यांनी खजूर तोंडात टाकले. दिवा मात्र एक दिसेल तर शपथ.

"बघ," देदो म्हणाले, "वाट लावली डोळ्याची त्या डॉक्टरणीने."

"अहो देदो, मलाही काही दिसत नाहीये."

"मग तूही दाखवून घे."

शेजारच्या बाई खोकता खोकता हसल्या. "धुरकं आहे हो ते."

"धुकं आहे. आमच्या वेळीही पडायचं, पण त्यातून मिनार दिसायचे. मी काही सोमवारी जात नाही."

अर्नेलाच्या मस्तकात तिडीक गेली. घसा जळतोय, पोटात कावळे ओरडतायत, आणि ह्यांचं आपलं धुकं! डोळा चांगला आहे हे दाखवायचं तरी कशावरून? तिच्याकडे एकच वस्तू होती, तीही मास्कखाली. दुपारीच मैत्रिणीबरोबर गुपचूप जाऊन तिने नाक टोचून घेतलं होतं. आईला कळलं तर घरात दुसरी तोफ उडणार होती.

तिने मास्क खाली ओढला. "हे दिसतंय?"

देदोंनी सोमून पावाचा तुकडा हातातच धरला, वरची कलौंजी मांडीवर सांडली. ते पुढे वाकले.

"माशी बसलीय."

"नीट बघा."

"माशी नाही. खडा आहे. हिरवा." मग आणखी जवळ येऊन, "आणि नाक सुजलंय, गाढवे."

"म्हणजे डोळा चांगला आहे."

"डोळा चांगला आहे," देदो नाइलाजाने म्हणाले आणि पाव चावू लागले.

"मग आईला सांगा, सोमवारी जातो म्हणून."

"सांगतो की. दोन्ही सांगतो."

अर्नेलाने मास्क चढवला आणि ती समोरच्या त्या राखाडी भिंतीकडे रागाने बघत बसली. अजूनही एक दिवा नाही.