मला बोकड म्हणणारे एकेचाळीस जण

मित्रांनो, मी एक जुना घोटा आहे. जुना म्हणजे तुमच्या आजोबांच्या काळातला नव्हे. साडेचार कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तोही देवमाशाचा. हसा, हसून घ्या. कोकणातल्या तोंडवली गावात सगळेच हसले. "देवमाशाक खंय पाय आसतत?" हा प्रश्न ऐकून ऐकून माझा दगड व्हायचा, तो आधीच झाला होता म्हणून बरं.

पाय होते, मित्रांनो! आमचा देवमासा चार आखूड पायांचा, लांब शेपटीचा. थोडा मगरीसारखा, थोडा पाणमांजरासारखा. उथळ समुद्रात मासे धरायचा आणि दमला की किनाऱ्यावर येऊन पडायचा. पुढे त्याच्या वंशजांना पाणी इतकं मानवलं, की पिढ्यान्पिढ्या शेपटी जोरकस होत गेली आणि मागचे पाय आखडत गेले. आजच्या देवमाशाच्या पोटात कमरेचं एवढंसं हाड उरलंय, मांसात लपलेलं. मी मात्र त्याआधीच चिखलात रुतलो, आणि चिखलाबरोबर दगड झालो.

चाळीस वर्षांपूर्वी कच्छच्या उघड्या माळावर सदानंदने मला उचललं. तेव्हा तो दगडांचा अभ्यास करणारा तरुण होता. माझं डोकं, माझा कान, जबडा, सगळं एकाच जागी सापडलं. त्यांना त्याने सतरा नंबर दिला, कापसात गुंडाळलं आणि पेटीत भरलं. मी सापडलो पेटीला खिळे ठोकून झाल्यावर. सदानंदने माझ्यावरही शाईने १७ लिहिलं, वहीत नोंद केली आणि मला पॅंटच्या खिशात टाकलं. डोकं गेलं दूरच्या शहरातल्या संस्थेत आणि पाय आला तोंडवलीत. संस्थेला त्याने तीन पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही नाही.

मग माझा संसार सुरू झाला. सदानंदच्या बायकोने, रुक्मिणीने, मला लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवलं. चौदा वर्षं! तेलाने माझा सातचा आकडा अर्धा पुसला. नंतर वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला टेकू मीच. दारातून येणारा प्रत्येक पाहुणा मला बघून एकच शब्द बोलायचा: बोकड. "वहिनी, ह्यां बोकडाचां हाड दारात कित्याक?" मी मोजत गेलो. पोस्टमन, भटजी, विमावाला, दोन जावई. गेल्या पावसाळ्यापर्यंत चाळीस झाले. संतापून काय करणार? हाडाला तोंड नसतं.

आणि मग या वर्षी पत्र आलं. शर्मिष्ठा नावाची एक अभ्यासक त्याच संस्थेत माझ्या डोक्यावर काम करत होती. डोक्याबरोबर संस्थेत गेलेली सदानंदची जुनी वही चाळताना तिला ओळ दिसली: 'सतरा नंबरजवळ घोटाही मिळाला.' तिने विचारलं होतं, तो घोटा अजून आहे का? सदानंदने पत्र चारदा वाचलं. रुक्मिणी म्हणाली, "रडतास कित्याक? लोणच्यात बुडालो नाय तो, आसा हंयच." माझ्याबद्दल एवढं प्रेमाने ती पहिल्यांदाच बोलली.

शर्मिष्ठा सोमवारी अकराला येणार होती. शाळेत सूक्ष्मदर्शक आहे म्हणून भेट शाळेत ठरली. मुलांनाही बघता यावं म्हणून सदानंदने शनिवारीच मला विज्ञानाच्या खोलीत नेऊन ठेवलं. आणि इथे या शहाण्या माणसाने काय केलं? मला घरच्या पांढऱ्या बशीत ठेवलं. चिठ्ठी नाही, पाटी नाही. बशीत हाड!

रविवारी शाळेच्या मैदानावर क्रिकेटचे सामने झाले आणि नंतर सागोती-वड्यांचं जेवण. सोमवारी सकाळी झाडलोट करणाऱ्या काशीबाई आल्या. सोमवार म्हणजे रामेश्वराचा वार. त्या दिवशी काशीबाई मटणाचा वाससुद्धा घेत नाहीत. मैदानभर हाडं वेचून त्यांचं डोकं तापलेलं, त्यात खोलीत शिरल्या तर बशीत मी.

"मेल्यांनी हंय पण बसान बोकड खाल्ल्यानी? आणि बशी कोण धुतलो, ह्येंचो बापूस?"

एकेचाळीस. मला सुपलीत लोटलं आणि मागच्या खड्ड्यात, बोकडाच्या हाडांच्या ढिगावर फेकलं. बशी मात्र धुऊन ठेवली. एक कुत्रा आला, त्याने मला चावून बघितलं आणि दात सांभाळत निघून गेला. चाळीस वर्षांत मी दगड आहे हे स्वतःहून ओळखणारा तो पहिला.

अकराला शर्मिष्ठा आली. सदानंदने तिला खोलीत नेलं. टेबलावर स्वच्छ बशी, रिकामी. त्याने बशी उचलून तिच्या खालीसुद्धा बघितलं.

"काशीबाय, हंय माझो दगड होतो!"

"दगड माका म्हायत नाय, सदाभाऊ. हाड होतां, तां मी टाकलंय."

"तोच माझो दगड गो!"

अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे कामातून गेलेले, पण खड्ड्यात उतरला. मी त्याच्या हाताखालून दोनदा निसटलो. त्याला दिसेना; चष्म्यावर घाम की आणखी काही, मला माहीत नाही. मला एवढंच कळत होतं की दुपारी हा खड्डा पेटवतात, आणि माझं डोकं तिकडे दूर वाट बघतंय.

शेवटी काशीबाईंनीच पदर खोचला. "सरा तुमी. सोमवार मोडलोच आसा." एकेक हाड हातात घेऊन त्या बाजूला टाकत गेल्या. मला उचललं आणि थांबल्या. "ह्यां जड आसा. थंड पण लागता." अंगठ्याने राख पुसली. एक, आणि अर्धा सात.

सदानंद खड्ड्यातच बसला.

शर्मिष्ठाने मला घेतलं, पण तिची नजर काशीबाईंच्या दुसऱ्या हाताकडे होती. त्यात बोकडाचा खराखुरा घोटा होता. तिने दोन्ही बशीत शेजारी ठेवले.

"मावशी, तुम्हाला हे दोन्ही सारखे का वाटले?"

"सारखेच आसत, बाय. वर एक कप्पी, खाली एक कप्पी. बोकडाक, डुकराक असोच घोटो आसता. कुत्र्याक नाय. तीस वर्षां सागोती करतंय, घोटो वळखूचंय नाय?"

शर्मिष्ठा हसली नाही. म्हणाली, "देवमाशाचे पूर्वज कोण, यावर मोठमोठे लोक कित्येक वर्षं भांडले, मावशी. असा दोन कप्प्यांचा घोटा सापडला तेव्हा कळलं: बोकड, डुक्कर, पाणघोडा यांचंच हे घराणं. तुम्ही सकाळी बरोबर ओळखलंत. टाकलंत तेवढं चुकलं."

मित्रांनो, मी ज्यांना चाळीस वर्षं मूर्ख म्हणत मोजत होतो, ते एकेचाळीस जण थोडे थोडे बरोबर होते. हे कबूल करताना मला किती कष्ट पडतायत, ते दगडालाच ठाऊक.

आता मी माझ्या डोक्याशेजारी राहतो. पाटीवर सदानंदचं नाव आहे. दुसऱ्या बाजूला बोकडाचा तो घोटा आहे, स्वच्छ धुतलेला, आणि त्याच्या पाटीवर लिहिलंय: 'ओळखणाऱ्या: काशीबाई, तोंडवली.'

म्हणून सांगतो, काही सापडलं तर कुठे सापडलं ते आधी लिहा. कुणी भलतंच नाव घेतलं तर हसण्याआधी 'का' म्हणून विचारा. आणि काहीही करा, पण मला कधी बशीत ठेवू नका.